दंडाची पाळी

बाजारचा दिवस उजाडला की खापर गावच्या मगन चौधरीचा फोन चहाच्या आधी वाजायचा आणि पलीकडून एकच प्रश्न यायचा.

"मगनभाऊ, आज पाळी कोनी?"

"जालमसिंगनी," मगन सांगायचा आणि फोन ठेवायचा. बशीतला चहा तोंडाला लावेपर्यंत दुसरा फोन. तोच प्रश्न, तेच उत्तर. त्याची बायको रंजनाबाई भाकरी थापता थापता म्हणायची, "लगीननी तारीख ईचारतस तसा ईचारतस बठ्ठा!"

ही पाळी कसली, ते आधी सांगायला हवं. शेतकऱ्याला पाण्याची पाळी माहीत असते, घरातल्या बायकांना सणाच्या स्वयंपाकाची. मगनने शोधून काढलेली पाळी मात्र दंडाची होती.

खापरच्या स्टँडवरून डोंगरातल्या पाड्यांकडे जीपा जातात. एसटी तिकडे क्वचित फिरकते, तीही रस्त्याची मर्जी असली तर. त्यामुळे बाजारच्या दिवशी जीप कशी दिसायची हे ज्यांनी पाहिलंय त्यांनाच ठाऊक. आत कोंबलेली माणसं, मागच्या पायरीवर लोंबकळणारी माणसं आणि वर टपावर टोपल्यांच्या मधोमध बसलेली माणसं. जेवढी परवानगी, त्याच्या दुपटीहून जास्त. घाट सुरू होण्याआधी एक फाटा लागतो. तिथे पोलीस उभे असत आणि जादा माणसं भरलेली गाडी दिसली की दंडाची पावती फाडत. हा दंड ज्याच्या वाट्याला येई तो दिवसभर शिव्या देत फिरायचा. पण खरं सांगायचं तर पुढचे काही बाजार तो माणसं जरा बेतानेच भरायचा.

मगन त्या स्टँडचा प्रमुख. तळोद्याकडची वडिलोपार्जित शेती भावाच्या हाती सोपवून तो या धंद्यात आला होता. डोकं तल्लख, बोलणं गोड. त्याने या दंडावर तोड काढली. प्रत्येक बाजारी एका जीपची पाळी. पाळीवाल्याने गाडी भरून सर्वांच्या पुढे निघायचं, फाट्यावर मुकाट्याने थांबायचं आणि हवालदारापुढे घोळ घालत बसायचं. कागद सापडत नाहीत, फोन लागत नाही, पावतीच्या मशीनमध्ये गाडीचा नंबर चुकलाय! हवालदार त्यात गुंतला की बाकीच्या भरगच्च जीपा बाजूने निघून जायच्या. दंड भरायचा तो स्टँडच्या फंडातून. पाळीवाल्याच्या पदरचं काही जात नसे. मात्र पाळी नाकारली की स्टँडवर गाडी लावायचा नंबर बंद. सगळ्या चालकांची नावं या पाळीत होती, फक्त मगनचं नव्हतं. "पाळी लावनाराले पाळी नसस," असं तो हसत सांगायचा आणि बाकीचेही हसायचे.

नागरिकहो, मगनला नावं ठेवायची घाई करू नका. "दंडच होईल ना, भरून टाकू!" हे वाक्य तुमच्या-माझ्या घरातही बोललं गेलेलं आहे. कधी हेल्मेट खुंटीवरच राहिलं म्हणून, कधी पोराच्या हाती मोटरसायकल दिली म्हणून. मगनने त्या वाक्याची नीट व्यवस्था लावून दिली, एवढाच काय तो फरक.

रंजनाबाईला ही व्यवस्था कधी पटली नाही. "आनि एखादा दिन काही व्हई गयं मंग?" असं ती विचारायची.

"काय व्हनार शे? दंड व्हई," मगन म्हणायचा. "फंड शे ना!"

होळीच्या आधीचा बाजार म्हणजे वर्षातला सगळ्यात मोठा. डोंगरातली माणसं होळीला जीव टाकतात. त्या दिवशी खापरच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. गूळ, डाळ्या, साखरेचे हार, नवे कपडे, बांगड्या. संध्याकाळच्या आत घरी पोचायचं म्हणून दुपार कलताच स्टँडवर झुंबड उडाली. पाळी जालमसिंगची होती. तो भरून पुढे निघाला. त्याच्या मागून मगनची नवीकोरी जीप आणि मगनच्या मागे ईश्वर वसावेची जुनी गाडी.

हा ईश्वर म्हणजे अबोल, कामाचा माणूस. डोंगरातला. मगननेच त्याला स्टँडवर नंबर मिळवून दिला होता आणि ईश्वर ते उपकार विसरला नव्हता.

मगनची जीप भरली होती म्हणजे अगदी भरली होती. तरी एक म्हातारी टोपली घेऊन धावत आली. जसोदाबाई तिचं नाव. टोपलीत नातवंडांसाठी घेतलेले साखरेचे हार. "मला घे रे भाऊ, घरी पोरं वाट पाहतात," ती म्हणाली. मगनने मागे बोट दाखवलं. मागच्या पायरीवर एक पाय ठेवण्याइतकी जागा होती. ती चढली आणि शिडीला धरून उभी राहिली.

फाट्यावर जालमसिंग ठरल्याप्रमाणे हवालदाराला गुंतवून बसला होता. हवालदाराची मान मशीनमध्ये होती. ती वर व्हायच्या आत पुढचं वळण गाठायचं म्हणून मगनने गाडी जोरात काढली. मागून कोणीतरी पत्रा वाजवत होतं. "हळू घे! हळू घे!" मगनने क्षणभर मान वळवून पाहिलं आणि त्याच क्षणी वळण आलं. एवढी माणसं अंगावर घेतलेली गाडी वळेना. तिचं पुढचं चाक कडेच्या चरात गेलं, जीप दरडीला जाऊन टेकली आणि टपावरची, पायरीवरची माणसं खाली फेकली गेली.

देवाची कृपा म्हणायची ती एवढीच, की चर दरडीच्या बाजूला होता. दरीच्या बाजूला असता तर ही गोष्ट सांगायला कोणाची जीभ वळली नसती. बहुतेकांना खरचटलं, एकाच्या खांद्याला मार बसला. पण जसोदाबाईचा पाय गाडीच्या पायरीखाली सापडला होता. ती ओरडतही नव्हती. तिच्याभोवती रस्त्यावर साखरेचे हार विखुरले होते.

मागून ईश्वर आला. त्याने एका नजरेत सगळं पाहिलं. "उतरा! सगळे उतरा!" त्याने आपली गाडी रिकामी केली, चौघांच्या मदतीने म्हातारीला सोडवून आडव्या सीटवर निजवलं आणि गाडी उलटी फिरवून तो दवाखान्याकडे निघाला. मगन तिथेच उभा होता.

थोड्या वेळाने पोलीस आले. "गाडी कोण चालवत होतं?"

कोणी बोललं नाही. जखमी माणसंही बोलली नाहीत. मगनच्या तोंडून शब्द निघाले ते असे, "मी मालक, साहेब. चालक पळून गेला."

फौजदारांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. जीप ताब्यात घेतली आणि बजावलं, "चालक कोण होता ते मालकानं सांगायचं असतं. होळी झाली की त्याला घेऊन ठाण्यात हजर व्हा."

त्या संध्याकाळी स्टँडच्या पत्र्याच्या शेडमध्ये सगळे चालक जमले. कोणाच्याही तोंडावर रया नव्हती. शेवटी जालमसिंग म्हणाला, "आते कसं करानं? नाव तर सांगनं पडी."

"मगनभाऊनं नाव कसं सांगशूत? ते प्रमुख शेतस," दुसरा एकजण म्हणाला. "ते आत गयात तर स्टँड कोन देखी?"

मग सगळ्यांच्या मनात जे आलं ते जालमसिंग बोलला. "पुढली पाळी कोनी शे?"

पुढली पाळी ईश्वरची होती.

ज्याने म्हातारीला उचलून नेलं, अजून ज्याच्या शर्टावर तिच्या रक्ताचे डाग होते, त्याच माणसाचं नाव! मगनला वाटलं, आपण आत्ता नाही म्हणावं. पण तो म्हणाला नाही. तो पायांकडे पाहत राहिला.

ईश्वरने एकच विचारलं. "मन्हं लायसन जाई का?"

"काही जात नही," जालमसिंग म्हणाला. "दंड व्हई, तो फंड भरी. वकीलबी फंड करी."

ईश्वर मगनकडे पाहत राहिला. मगनने मान वर केली नाही. मग ईश्वर उठला आणि म्हणाला, "पाळी म्हनजे पाळी." आणि तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी तिघंही, मगन, जालमसिंग आणि ईश्वर, अक्कलकुव्याला वकील रूपा पाडवी यांच्याकडे गेले. रूपाबाई डोंगरातल्याच एका पाड्यावरून शिकून वर आलेल्या. कोर्टात स्पष्ट बोलणारी बाई म्हणून तालुक्यात नाव होतं. अपघाताची बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती. त्यांनी आधी ईश्वरला समोर बसवलं.

"गाडी तू चालवत होतास?"

"हो."

"कोणाची?"

"मगनभाऊंची."

"आणि तुझी गाडी? जिच्यातून तू बाईला दवाखान्यात नेलंस, ती कोण चालवत होतं?"

ईश्वरने मगनकडे पाहिलं. जालमसिंग घाईघाईने म्हणाला, "मॅडम, त्याची पाळी आहे."

"कसली पाळी?"

मगनने सांगितलं. लपवण्यासारखं त्याला त्यात कधी काही वाटलंच नव्हतं. उलट सांगता सांगता त्याच्या आवाजात थोडी जुनी ऐट आली. रूपाबाईंनी मध्ये एकदाही टोकलं नाही. त्याचं बोलणं संपल्यावर त्यांनी समोरची फाइल मिटली.

"मगनभाऊ, तुम्ही हुशार आहात. म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही दंडाला भाडं समजलात. पैसे भरले की जादा माणसं भरायचा हक्क आपला झाला, असं समजलात."

"आम्ही दंड बुडवत नाही, मॅडम," मगन दुखावून म्हणाला. "प्रत्येक पावती भरलीय."

"भरली. पण कोणाला बोचली? सरकारचं तुमच्या तेवढ्या पैशावाचून काय अडलंय? दंड करायचा तो माणसाला बोचावा म्हणून. बोचला की दुसऱ्या दिवशी तो चार माणसं कमी भरतो. दंड ही ताकीद असते! आज पैसे गेलेत, उद्या कोणाचा जीव जाईल, सांभाळ, अशी ताकीद. तुम्ही सगळ्यांनी ती आपापसात वाटून घेतलीत. म्हणून तुमच्यातल्या एकालाही ती मिळाली नाही!"

जालमसिंग चुळबुळला. "पण मॅडम, आता जे झालं ते झालं. ईश्वर तयार आहे."

"ईश्वर तयार आहे, कायदा तयार नाही," रूपाबाई म्हणाल्या. "हा फाट्यावरचा दंड नाही. बाईचं हाड मोडलंय. यात कैद होऊ शकते, परवाना जातो. तो ईश्वरचा जाईल. आणि खोटा चालक उभा करणं हाही गुन्हाच आहे, उभा राहणाऱ्याचा आणि उभा करणाऱ्याचाही. पण ते सोडा. मला एवढंच सांगा. ईश्वर आत बसला आणि खरा चालक पुढच्या बाजारी पुन्हा गाडी भरून निघाला, तर तो काय शिकला? एवढंच, की पुढच्या अपघाताला पुढची पाळी. त्या पाळीला कोणाचं नाव आहे? आणि त्या वेळी पायरीवर कोण उभं असेल?"

मगनने ईश्वरकडे पाहिलं.

"केस मी घेईन," त्या उठता उठता म्हणाल्या. "पण खऱ्या चालकाची. तो आला तर मी त्याच्या शेजारी उभी राहीन. त्याच्या बाजूनं सांगता येईल ते सगळं कोर्टाला सांगेन. शिक्षा होणारच नाही, असं मात्र सांगणार नाही. होईल, आणि झालीच पाहिजे!"

मग त्या ईश्वरशी दोघांच्या डोंगरातल्या बोलीत चार शब्द बोलल्या. ते मगनला कळले नाहीत. ईश्वरचे डोळे मात्र भरून आले.

"दुसरा वकील देखू," परतीच्या वाटेवर जालमसिंग म्हणाला.

घरी रंजनाबाई वाट पाहत होती. तिने ताट वाढलं आणि समोर बसली. गावात बातमी फिरायला काय वेळ लागतो! तिला सगळं कळलं होतं.

"ईश्वरनी पाळी शे म्हने?"

"हं."

"पुढला बाजारले कोनी?"

"देखसू."

"आनि तुमनी?" रंजनाबाईने विचारलं. "इतला वरीस पाळी लाई ऱ्हायनात तुम्ही. तुमनी पाळी कधी उनी व्हती का? एकदाव तरी?"

मगनचा घास हातातच राहिला. तो चिडला, ताटावरून उठला, दारापर्यंत गेला आणि परत आला. रंजनाबाई जागची हलली नव्हती.

"मी तुम्हले काही सांगत नही," ती म्हणाली. "एकदाव ती म्हातारीले भेटी या. मंग तुम्हले जे करनं शे ते करा."

जसोदाबाईला नंदुरबारच्या दवाखान्यात हलवलं होतं. मगन फळांची पिशवी घेऊन तिथे पोचला तेव्हा बाहेर होळीची सुट्टी होती आणि वॉर्ड अर्धा रिकामा होता. ती भिंतीकडच्या खाटेवर होती. पायाला लोखंडी सळया लावलेल्या. मगनला वाटलं होतं, ती आपल्याला ओळखणार नाही.

"ये, बस," ती म्हणाली. "तू जीपवाला ना?" डोंगरातली म्हातारी माणसं सगळ्यांनाच अरेतुरे करतात. त्यात अपमान नसतो.

मगन स्टुलावर बसला. फळांची पिशवी त्याने खाटेपाशी ठेवली.

"पोलीस आला होता," तीच म्हणाली. "विचारत होता, गाडी कोण चालवत होता. मी सांगितलं, माहीत नाही."

मगनच्या छातीवरचं ओझं एकदम उतरल्यासारखं झालं. "तुले दिसनं नही का?"

"दिसलं ना! मी मागून पत्रा वाजवत होती, हळू घे, हळू घे. तू मान वळवून पाहिलंस. तुझं तोंड पाहिलं मी."

"मंग सांगं का नही?" मगनने विचारलं.

"सांगून कुठे जाऊ?" म्हातारी म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "पाय बरा झाला की बाजारला यायचं. परत तुझ्याच गाडीत बसायचं. आमच्याकडे दुसरी गाडी आहे का?"

ज्या माणसांना आपण 'सीटा' म्हणून मोजत आलो, ती माणसं आपल्या भीतीने गप्प बसली आहेत. आपल्या प्रेमाने नाही, भीतीने! हे त्याला आज पहिल्यांदा कळत होतं. त्याला स्वतःची अतिशय लाज वाटली.

"तो पोरगा कोण होता रे?" जसोदाबाईने विचारलं. "मला उचललं तो. रस्ताभर बोलत होता माझ्याशी. झोपू नको मावशी, झोपू नको. त्याला सांग, म्हातारी जिवंत आहे. या होळीला मी घरी नाही. पण पुढच्या होळीला त्याने माझ्या घरी यायचं. सांगशील ना?"

आणि तोच पोरगा दोन दिवसांनी तिच्या मोडलेल्या पायासाठी पोलिसांपुढे हात पुढे करणार होता! मगनला तिथे बसवेना. "सांगस," एवढंच तो कसाबसा म्हणाला आणि बाहेर आला. दवाखान्याच्या पायऱ्यांवर तो बराच वेळ बसून राहिला. उठला तेव्हा त्याचं मन घट्ट झालं होतं.

हजर व्हायच्या दिवशी स्टँडवरचे सगळे चालक ठाण्याबाहेर जमले होते. ईश्वर धुतलेला शर्ट घालून आला होता. त्याची बायको लांब झाडाखाली पोराला कडेवर घेऊन उभी होती. जालमसिंगने दुसरा वकील ठरवून ठेवला होता. मगन मात्र दिसत नव्हता.

आतून हाक आली. "चालक कोण आहे? या पुढे."

ईश्वरने चपला काढल्या आणि पायरी चढला.

"थांब, ईश्वर!"

मगन फाटकातून आत येत होता. त्याच्यासोबत रूपाबाई होत्या आणि मागे डोक्यावर पदर घेतलेली रंजनाबाई. मगन सरळ पायरीपाशी आला आणि ईश्वरच्या खांद्यावर हात ठेवून त्याने त्याला खाली उतरवलं.

"मगनभाऊ, हाई काय करी ऱ्हायनात?" जालमसिंग पुढे धावला. "पाळी ईश्वरनी शे!"

"नही," मगन म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "आज पाळी मन्ही शे!"

तो आत गेला. फौजदारांपुढे उभा राहिला. गाडी मीच चालवत होतो, जादा माणसं मीच भरली होती आणि चालक पळाला हे मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं, असं त्याने एका दमात सांगितलं. फौजदारांनी रूपाबाईंकडे पाहिलं. "विचार करून बोलतायत ना हे?"

"मी पण हेच विचारलं यांना," रूपाबाई म्हणाल्या.

"करी लिधा ईचार," मगन म्हणाला. "करामा उशीरच जया."

कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला. रूपाबाईंनी त्याच्या कबुलीचा, पहिल्याच गुन्ह्याचा, सगळ्याचा विचार व्हावा अशी विनंती केली. विचार झालाही. तरी काही महिन्यांची कैद झाली, दंड झाला, जसोदाबाईला भरपाई द्यायचा हुकूम झाला आणि गाडी चालवायचा परवाना गेला. निकालानंतर कोर्टाच्या आवारात जालमसिंग आणि बाकीचे पुढे आले. त्यांनी फंडातून दंडाची रक्कम आणली होती. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांना दुसरी रीतच माहीत नव्हती.

मगनने त्यांचे हात मागे सारले. "हाऊ दंड मन्हा शे," तो म्हणाला. "यामा कोनी वाटा मांगू नका. आते मी वाटी दिधा तर मले तो भेटावच नही."

जालमसिंगला त्या दिवशी पहिल्यांदा काहीतरी कळलं असावं.

मगन आत असताना स्टँडवर भांडणं झाली, हेही सांगायला हवं. दंडाची पाळी बंद करायची ठरली तेव्हा दोघंतिघं रागावून दुसऱ्या स्टँडला गेले. जादा माणसं न भरता पोट कसं भरायचं, असा त्यांचा प्रश्न होता आणि तो प्रश्न खोटा नव्हता. पण ईश्वर ऐकेना. अबोल माणूस एकदा बोलायला लागला की त्याला थोपवणं कठीण! त्याने नवी पाळी सुचवली. बाजारच्या दिवशी एका चालकाने गाडी काढायचीच नाही. स्टँडच्या तोंडाशी उभं राहायचं आणि जादा माणूस चढला तर गाडी सोडायची नाही. त्याची त्या दिवसाची बुडालेली कमाई फंडाने भरून द्यायची. मागे राहिलेल्या माणसांसाठी गाड्यांनी जादा फेऱ्या मारायच्या. सगळ्यात आधी या पाळीला जालमसिंग उभा राहिला. लोकांनी पहिल्या दिवशी त्याला शिव्या घातल्या. दुसऱ्या बाजारी कमी घातल्या.

वर्ष फिरलं आणि पुन्हा होळीचा बाजार आला. शिक्षा भोगून परतलेला मगन बाजारात फिरत होता. परवाना नव्हता. त्याची जीप आता पगारी चालकाच्या हाती होती. त्याने साखरेचे हार घेतले. जसोदाबाईच्या घरी तिची नातवंडं वाट पाहत असतील, असं त्याच्या मनात होतं. तो स्टँडवर आला, आपल्याच जीपमध्ये चढला आणि सवयीने पुढे सरकून बसला. मागच्या बाकावर काठी घेऊन जसोदाबाई बसली होती. ती त्याच्याकडे पाहून हसली.

त्या दिवशी पाळी ईश्वरची होती. त्याने गाडीत डोकावून माणसं मोजली आणि तो दारापाशी थांबला.

"मगनभाऊ, गाडी भरी गई. तुम्ही उतरा."

गाडीतली माणसं एकमेकांकडे पाहू लागली. मालकाला त्याच्याच गाडीतून उतरवतोय! चालकाने आरशातून भेदरून मागे पाहिलं.

"ईश्वर, मन्हीच गाडी शे ना ही?" मगन म्हणाला.

"म्हनीसनच पहिलं तुम्हले सांगी ऱ्हायनू," ईश्वर म्हणाला.

मगनने हातातले हार सावरले. मग तो उतरला. उतरता उतरता त्याने साखरेचे हार जसोदाबाईच्या मांडीवर ठेवले आणि दार नीट लावून घेतलं. जीप निघाली. तिच्या मागच्या पायरीवर कोणी नव्हतं आणि टपावर फक्त टोपल्या होत्या.

नागरिकहो, कायद्याची शिक्षा ही आपल्या चुकीची किंमत नसते. किंमत मोजली की माल आपला होतो. दंड भरला म्हणून दुसऱ्याचा जीव आपला होत नाही! पावती हातात पडली की सुटलो असं न म्हणता, ती कशासाठी फाडली गेली हे ज्याने स्वतःला विचारलं, त्याची पुढची पावती फाडायची वेळ येणार नाही. आणि आपली शिक्षा आपणच भोगायची असते. ती पैशाने, ओळखीने किंवा गरिबाच्या मानेवर टाकून उतरवली की तिच्यातलं शहाणपणही तिच्याबरोबर निघून जातं.

मगन रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. त्याच्या पुढे बरीच माणसं होती आणि पुढची जीप यायला अजून वेळ होता.